एका व्हीसेंटरमधून दुसऱ्यात व्हीएम हलवताना: कोणतं व्हर्जन, कोणत्या क्रमाने तपासायचं

व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) एका व्हीसेंटरमधून (व्हीएमवेअरचे होस्ट आणि व्हीएम सांभाळणारा सर्व्हर) दुसऱ्यात न्यायचं ठरलं की बहुतेक ठिकाणी एकच आकडा बघितला जातो. इकडे व्हीसेंटर ६.७ आहे, तिकडे ७.० आहे, नवीन जुन्यापेक्षा मोठं आहे, म्हणजे चालणार. मग चेंज विंडो सुरू होते, विझार्ड शेवटच्या पानापर्यंत नीट जातो आणि तिथे लाल अक्षरात उत्तर येतं: होस्ट सुसंगत नाही. कधी ते सीपीयूमुळे असतं, कधी स्विचमुळे, कधी व्हीएमच्या हार्डवेअर व्हर्जनमुळे. व्हीसेंटरच्या आकड्याचा त्याच्याशी संबंधही नसतो.

मुळात तपासायची व्हर्जन्स अनेक आहेत आणि ती एकमेकांपासून स्वतंत्र आहेत: व्हीसेंटर, ईएसएक्सआय होस्ट (ज्या सर्व्हरवर व्हीएम प्रत्यक्ष चालतात), व्हीएमचं व्हर्च्युअल हार्डवेअर, सीपीयूची फीचर्स, डिस्ट्रिब्युटेड स्विच (व्हीसेंटरमधून अनेक होस्टवर पसरलेला व्हर्च्युअल स्विच), डेटास्टोअरचं (व्हीएमच्या फाइली ठेवायच्या जागेचं) फॉरमॅट. यातल्या बहुतेक गोष्टी वर चढवता येतात, खाली उतरवता येत नाहीत. म्हणून या लेखातला सगळा क्रम एका नियमावर उभा आहे: जिथे जायचं ती बाजू आधी तयार करा, व्हीएमला हात लावू नका, आणि व्हीएममधली कोणतीही गोष्ट अपग्रेड करायची असेल तर परतीची गरज संपल्यावरच करा.

## टप्पा १: दोन्ही बाजूंची यादी

कामाची सुरुवात विझार्डने नाही, यादीने करा. प्रत्येक बाजूसाठी हे लिहून काढा:

- व्हीसेंटरचं व्हर्जन, अपडेट पातळी आणि बिल्ड नंबर
- प्रत्येक होस्टचं ईएसएक्सआय व्हर्जन आणि बिल्ड नंबर
- प्रत्येक होस्टचा सीपीयू आणि बायोसचं व्हर्जन
- क्लस्टरवर (होस्टच्या गटावर) ईव्हीसी, म्हणजे सगळ्या होस्टचे सीपीयू व्हीएमना एकाच पिढीचे दाखवणारी सोय, चालू आहे का, असेल तर कोणता मोड
- डिस्ट्रिब्युटेड स्विचचं व्हर्जन, पोर्टग्रुपची नावं, व्हीलॅन
- डेटास्टोअर व्हीएमएफएस ५ की ६, एनएफएस की व्हीसॅन
- दोन्हीकडची लायसन्स

मग व्हीएमची वेगळी यादी करा: हार्डवेअर व्हर्जन, व्हीएमवेअर टूल्सचं व्हर्जन, स्नॅपशॉट आहेत का, आरडीएम (व्हीएमला थेट जोडलेली स्टोरेजची डिस्क) आहे का, पासथ्रू उपकरण (होस्टचं उपकरण थेट व्हीएमला दिलेलं) जोडलं आहे का, एन्क्रिप्शन किंवा व्हर्च्युअल टीपीएम (सुरक्षा चिप) आहे का, मॅक अॅड्रेस काय आहे. शंभर व्हीएम असतील तर हे पॉवरसीएलआयने (व्हीएमवेअरचं कमांड लाइन साधन) सीएसव्हीमध्ये काढा. हाताने काढलेल्या यादीत हमखास काहीतरी सुटतं.

"७.०" एवढंच लिहून थांबू नका. अपडेट पातळीमुळे उत्तर बदलतं. वेगवेगळ्या एसएसओ (एकाच लॉगिनच्या) डोमेनमधल्या दोन व्हीसेंटरमध्ये थेट इंटरफेसमधून व्हीएम हलवायची सोय व्हीस्फिअर (व्हीसेंटर आणि ईएसएक्सआय मिळून असलेला संच) ७.० अपडेट १सी पासून आली. त्याआधीच्या ७.० मध्ये तो पर्याय मेनूत दिसणारच नाही, आणि लोक परवानग्या तपासत बसतात.

## टप्पा २: व्हीसेंटर आणि होस्ट यांची जोडी

इथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते सर्रास एकत्र केले जातात.

पहिला प्रश्न: नवीन व्हीसेंटर कोणते होस्ट सांभाळू शकतं? व्हीसेंटर आपल्या बरोबरीचे आणि काही मागचे होस्ट सांभाळतं, पुढचे नाही. व्हीसेंटर ७.० हे ईएसएक्सआय ६.५, ६.७ आणि ७.० सांभाळतं, ६.० नाही. ८.० वर गेलात की ६.५ सुद्धा सुटतं. याची खात्री ब्रॉडकॉमच्या प्रॉडक्ट इंटरऑपरेबिलिटी मॅट्रिक्समध्ये अपडेट पातळीसकट करून घ्या.

दुसरा प्रश्न: या दोन व्हीसेंटरमध्ये मायग्रेशन चालतं का? याचं उत्तर त्या मॅट्रिक्समध्ये शोधू नका. त्यासाठी क्रॉस व्हीसेंटर मायग्रेशनच्या अटींचा स्वतंत्र नॉलेज बेस लेख आहे आणि त्यात कोणत्या व्हर्जनमधून कोणत्या व्हर्जनमध्ये जाता येतं ते दिलं आहे. तिथे जाण्याची आणि परत येण्याची अशा दोन्ही दिशा बघा. जुन्याकडून नव्याकडे चालतं म्हणून नव्याकडून जुन्याकडे चालेलच असं नाही, आणि रोलबॅकचा सगळा आधार त्या दुसऱ्या दिशेवर असतो.

व्हीएम चालू ठेवून हलवायचं असेल तर दोन्ही टोकांचे होस्ट ईएसएक्सआय ६.० किंवा पुढचे हवेत. लायसन्सही दोन्ही टोकांना बघा. नव्या बाजूला मूल्यांकन लायसन्सवर चाचणी यशस्वी होते, मग खरं लायसन्स लावल्यावर तीच सोय गायब होते. असं होऊ नये म्हणून चाचणी खऱ्या लायसन्सवरच करा.

तपासणी: नव्या व्हीसेंटरचं व्हर्जन, नव्या होस्टचं व्हर्जन, जाण्याची दिशा, परतीची दिशा आणि दोन्हीकडचं लायसन्स या पाचही गोष्टींपुढे "हो" लिहिता आलं पाहिजे. एकही "बहुतेक" असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: व्हीएमचं हार्डवेअर व्हर्जन

प्रत्येक व्हीएमला स्वतःचं हार्डवेअर व्हर्जन असतं आणि ते चालवण्यासाठी होस्ट किमान अमुक पातळीचा लागतो:

- ईएसएक्सआय ६.० : ११
- ईएसएक्सआय ६.५ : १३
- ईएसएक्सआय ६.७ : १४, आणि ६.७ अपडेट २ पासून १५
- ईएसएक्सआय ७.० : १७, अपडेट १ ला १८, अपडेट २ ला १९
- ईएसएक्सआय ८.० : २०, आणि अपडेट २ पासून २१

१२ आणि १६ हे आकडे या यादीत नाहीत, कारण ते वर्कस्टेशनसारख्या डेस्कटॉप उत्पादनांबरोबर आले. तिथे बनवलेलं व्हीएम आणलं असेल तर हे आकडे दिसू शकतात.

नवीन होस्ट जुनं हार्डवेअर व्हर्जन चालवतो, जुना होस्ट नवीन व्हर्जन चालवत नाही. जुन्याकडून नव्याकडे जाताना म्हणूनच इथे सहसा अडत नाही. अडतं ते दोन ठिकाणी. एक, दोन्हीकडे "७.०" आहे, पण इकडे अपडेट २ आणि तिकडे मूळ ७.०. मग १९ व्हर्जनचं व्हीएम तिकडे जात नाही. दोन, हलवल्या हलवल्या कोणीतरी उत्साहाने हार्डवेअर व्हर्जन वाढवतं आणि परत यायची वेळ येते तेव्हा दार बंद झालेलं असतं.

हार्डवेअर व्हर्जन सेटिंगमधून कमी करता येत नाही. वाढवण्याआधी स्नॅपशॉट घेतला असेल तर त्यावर परत जाता येतं, पण मधला सगळा डेटा जातो. नाहीतर जुन्या व्हर्जनचं नवीन व्हीएम बनवून त्याला जुन्या डिस्क जोडायच्या, किंवा कन्व्हर्टर वापरायचा. तिन्ही मार्गांना डाउनटाइम लागतो.

सावधान: एखाद्या व्हीएमवर "व्हीएम सुसंगतता अपग्रेड शेड्यूल करा" असा पर्याय आधीच कोणी लावून ठेवला आहे का ते व्हीएमच्या सेटिंगमध्ये बघा. तो लावलेला असेल तर पुढच्या रीबूटला हार्डवेअर व्हर्जन आपोआप वाढेल. मायग्रेशनच्या काळात तो काढून टाका.

## टप्पा ४: सीपीयू आणि ईव्हीसी

सगळ्यात जास्त गफलत याच टप्प्यात होते, म्हणून इथे थोडं थांबू.

व्हीएम पॉवर ऑन होतं त्या क्षणी त्याला सीपीयूची काही फीचर्स दाखवली जातात. ती यादी व्हीएम पूर्ण पॉवर ऑफ होईपर्यंत बदलत नाही. गेस्टमधून (व्हीएमच्या आतल्या ऑपरेटिंग सिस्टिममधून) रीबूट केल्याने ती बदलत नाही, कारण होस्टवरची त्या व्हीएमची प्रक्रिया तशीच चालू राहते. चालू व्हीएम हलवताना व्हीसेंटर एवढंच बघतं की तिकडच्या होस्टवर या यादीतलं सगळं आहे का. एकही गोष्ट नसेल तर नकार.

आता एक नेहमीचा प्रसंग घ्या. जुना क्लस्टर इंटेलच्या ब्रॉडवेल पिढीचा, नवा त्यानंतरच्या आइस लेकचा, दोन्हीकडे ईव्हीसी बंद. शुक्रवारी रात्री व्हीएम चालू ठेवून हलवलं. ते ब्रॉडवेलची यादी घेऊन गेलं, आइस लेककडे ते सगळं आहे, गाडी पुढे गेली. शनिवारी पॅचिंगसाठी कोणीतरी तेच व्हीएम पॉवर ऑफ करून परत चालू केलं. आता त्याने आइस लेकची यादी घेतली. सोमवारी अॅप्लिकेशनची तक्रार आली, रोलबॅक ठरला आणि चालू व्हीएम परत पाठवायला गेलात तर नकार. कोणाचंही काही चुकलेलं दिसत नाही, तरी परतीचा रस्ता शनिवारीच बंद झाला होता.

उपाय सोपा आहे, पण तो पहिलं व्हीएम यायच्या आधी करावा लागतो. नवा क्लस्टर रिकामा असतानाच त्यावर ईव्हीसी चालू करा आणि मोड जुन्या क्लस्टरमधल्या सगळ्यात मागच्या पिढीचा ठेवा. मग नव्या ठिकाणी पॉवर सायकल झाली तरी व्हीएमला ब्रॉडवेलचीच यादी मिळते. ईव्हीसीचा मोड व्हीएम चालू असताना वाढवता येतो, पण कमी करायचा तर जास्त फीचर्स घेतलेली व्हीएम बंद करावी लागतात. क्लस्टर भरल्यावर हे सुचलं तर डाउनटाइमची मोठी यादी तयार होते.

मोजक्याच व्हीएमसाठी हे हवं असेल तर व्हीस्फिअर ६.७ पासून प्रत्येक व्हीएमला स्वतःचा ईव्हीसी मोड देता येतो. त्यासाठी हार्डवेअर व्हर्जन १४ किंवा पुढचं लागतं आणि बदल करताना व्हीएम बंद असावं लागतं. हा मोड व्हीएमबरोबर प्रवास करतो, म्हणून वेगवेगळ्या क्लस्टरमध्ये ये-जा करणाऱ्या व्हीएमसाठी तो मला क्लस्टरच्या ईव्हीसीपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

आणखी दोन बारकावे. इंटेलवरून एएमडीवर, किंवा उलट, चालू व्हीएम जात नाही. ईव्हीसीही त्यात मदत करत नाही. ती व्हीएम बंद करूनच हलवावी लागतील, तेव्हा त्यांची यादी सुरुवातीलाच वेगळी काढा. दुसरं, सीपीयूचं मॉडेल अगदी तेच असलं तरी बायोस वेगळा असेल तर फीचर्स वेगळी दिसू शकतात. स्पेक्टरनंतरच्या मायक्रोकोडने नवीन फीचर्स आणली. इकडचे होस्ट अद्ययावत आणि तिकडचे जुन्या बायोसवर असतील तर एकाच मॉडेलच्या दोन होस्टमध्येही व्हीएम अडतं. टप्पा १ मध्ये बायोसचं व्हर्जन लिहायला सांगितलं ते यासाठी.

तपासणी: नव्या क्लस्टरवर एक चाचणी व्हीएम घ्या. जुन्याकडून चालू स्थितीत आणा, पूर्ण पॉवर ऑफ करा, पॉवर ऑन करा, आणि मग चालू स्थितीत परत पाठवा. ते परत गेलं तर सीपीयूची बाजू पक्की. नुसतं एका दिशेने हलवून बघणं ही चाचणी नव्हे.

## टप्पा ५: नेटवर्क

पोर्टग्रुपचं नाव दोन्हीकडे सारखं आहे एवढ्यावर भागत नाही. स्विचचा प्रकार आणि व्हर्जन दोन्ही बघा.

स्टँडर्ड स्विचवरून स्टँडर्डवर, स्टँडर्डवरून डिस्ट्रिब्युटेडवर आणि डिस्ट्रिब्युटेडवरून डिस्ट्रिब्युटेडवर चालू व्हीएम जातं. डिस्ट्रिब्युटेडवरून स्टँडर्डवर जात नाही. नव्या क्लस्टरमध्ये "सध्या स्टँडर्ड स्विच ठेवू, डिस्ट्रिब्युटेड नंतर करू" असं ठरवणारे इथेच अडकतात. नवा डिस्ट्रिब्युटेड स्विच मायग्रेशनच्या आधी तयार हवा.

त्याचं व्हर्जन शक्यतो जुन्या स्विचएवढंच ठेवा. ६.५ चा स्विच ६.५.० आणि ६.७ चा ६.६.० असा क्रमांक दाखवतो, त्यामुळे ६.७ शोधत बसू नका. व्हर्जन वेगळी असली की स्विचची फीचर्स वेगळी ठरतात आणि चालू व्हीएमला नेटवर्क प्रकार सुसंगत नाही असा संदेश येऊ शकतो. तो संदेश वाचून लोक व्हीलॅन तपासतात, आणि व्हीलॅनमध्ये काही सापडत नाही.

नवा स्विच हाताने बनवण्यापेक्षा जुन्याचं कॉन्फिगरेशन एक्सपोर्ट करून नव्या व्हीसेंटरमध्ये इम्पोर्ट करा. पोर्टग्रुपची नावं, व्हीलॅन आणि धोरणं तशीच येतात आणि टायपिंगच्या चुका टळतात. जुना स्विच फारच मागच्या व्हर्जनचा असेल आणि नवं व्हीसेंटर ते व्हर्जन घेत नसेल, तर जुन्या बाजूलाच स्विच आधी वर चढवावा लागेल. ते काम वेगळ्या चेंज विंडोमध्ये, कॉन्फिगरेशनची प्रत काढून करा. त्यात क्षणभर नेटवर्क हलू शकतं आणि स्विचचं व्हर्जन खाली आणता येत नाही.

मॅक अॅड्रेसचंही बघून घ्या. व्हीसेंटर व्हीएमना ००:५०:५६ ने सुरू होणारा मॅक देतं आणि चौथा बाईट त्या व्हीसेंटरच्या युनिक आयडीवरून ठरतो. आयडी ० ते ६३ मधला असतो. आयडी १२ असेल तर चौथा बाईट ८सी. दोन्ही व्हीसेंटरचा आयडी एकच निघाला तर दोघंही एकाच पट्ट्यातले मॅक वाटतात. हलवलेलं व्हीएम आपला मॅक बरोबर घेऊन जातं, आणि तिथे तोच मॅक दुसऱ्या व्हीएमला आधीच दिलेला असू शकतो. आयडी व्हीसेंटरच्या रनटाइम सेटिंगमध्ये दिसतो. सारखा असेल तर नव्या बाजूचा बदला आणि व्हीसेंटर रीस्टार्ट करा. अर्थात, तिथे व्हीएम तयार व्हायच्या आधी.

## टप्पा ६: स्टोरेज, स्नॅपशॉट, एन्क्रिप्शन

इथे भराभर उरकता येतं, फक्त काही सुटू देऊ नका.

व्हीएमएफएस (व्हीएमवेअरचं डेटास्टोअर फॉरमॅट) ६ साठी होस्ट ६.५ किंवा पुढचा लागतो. व्हीएमएफएस ५ जागच्या जागी ६ होत नाही. नवा डेटास्टोअर बनवून त्यावर व्हीएम हलवायची. दोन फॉरमॅटमध्ये स्नॅपशॉटच्या डिस्कचा प्रकारही बदलतो, म्हणून हलवण्याआधी स्नॅपशॉट एकत्र करून टाका. "कन्सॉलिडेशन हवं" असा इशारा दिसत असेल तर तो संपेपर्यंत ते व्हीएम यादीत घेऊ नका.

फिजिकल मोडचं आरडीएम, दोन व्हीएमनी मिळून वापरलेली डिस्क आणि पासथ्रू उपकरण असलेली व्हीएम वेगळ्या गटात ठेवा. त्यांना स्वतंत्र योजना लागते. जोडलेली आयएसओ काढा.

एन्क्रिप्ट केलेली व्हीएम ६.x मध्ये दोन व्हीसेंटरमध्ये हलवता येत नाहीत. ही सोय ७.० पासून आहे, आणि दोन्ही व्हीसेंटरना तोच की प्रोव्हायडर (एन्क्रिप्शनच्या किल्ल्या देणारा सर्व्हर), त्याच नावाने जोडलेला हवा. व्हर्च्युअल टीपीएम असलेलं व्हीएमही याच गटात येतं. विंडोज ११ च्या व्हीएमला सहसा टीपीएम असतो, म्हणून "आमच्याकडे एन्क्रिप्शन नाही" असं म्हणण्याआधी ती शोधा.

## टप्पा ७: रस्ता मोकळा आहे का

हे पोर्ट उघडे हवेत: दोन व्हीसेंटरमध्ये आणि व्हीसेंटर ते होस्ट ४४३, होस्ट ते होस्ट व्ही-मोशनसाठी (चालू व्हीएम हलवण्यासाठी) ८०००, बंद व्हीएमची डिस्क हलवण्यासाठी ९०२. फायरवॉलची विनंती करताना ९०२ विसरला जातो, कारण चालू व्हीएमची चाचणी त्याच्याशिवाय पार पडते. मग बंद व्हीएमची पाळी येते आणि काम काही टक्क्यांवर अडून बसतं.

दोन व्हीसेंटरमधली वेळ एनटीपीने जुळलेली असावी, दोन्हीकडून एकमेकांची नावं डीएनएसमध्ये पुढून आणि उलटी सापडावीत, आणि सर्टिफिकेटच्या मुदती संपलेल्या नसाव्यात. एसटीएस सर्टिफिकेटची (लॉगिनचे टोकन सही करणारं) मुदतही बघा. ते ब्राउझरमध्ये दिसत नाही, म्हणून नजरेतून सुटतं. टीएलएसच्या बाबतीत व्हीसेंटर ६.७ पासून सुरुवातीच्या सेटिंगमध्ये १.२ च्या आधीची व्हर्जन्स बंद असतात. जुन्या बाजूला कोणी हात लावून ते बदललं असेल तर दोन सर्व्हरचं बोलणंच होत नाही.

होस्टच्या शेलमधून व्हीएमकेपिंगने व्ही-मोशनच्या नेटवर्कवरून समोरच्या होस्टला पिंग करा. एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) ९००० असेल तर पॅकेट न तोडता ८९७२ बाईटचा पिंग गेला पाहिजे. साधा पिंग जातो आणि मोठा जात नाही, असं असेल तर मधल्या एखाद्या स्विचवर एमटीयू कमी आहे. अशा वेळी मायग्रेशन सुरू होतं आणि मध्येच तुटतं. लांबच्या अंतरासाठी फेरीचा वेळ १५० मिलिसेकंदांच्या आत आणि एका वेळच्या प्रत्येक व्ही-मोशनला किमान २५० एमबीपीएस हवेत.

तपासणी: पिंग दोन्ही दिशांनी, आणि प्रत्येक होस्टवरून प्रत्येक होस्टला. डीआरएस (व्हीएमचं होस्टवर आपोआप वाटप करणारी सोय) व्हीएमला कोणत्याही होस्टवर ठेवू शकतं, त्यामुळे एका जोडीची चाचणी पुरत नाही.

## टप्पा ८: पद्धत निवडा

थेट मायग्रेशन. दोन्ही बाजू अटीत बसत असतील तर हेच करा. नवं व्हीसेंटर ७.० अपडेट १सी किंवा पुढचं आणि जुनं त्यामागचं असेल तर काम नव्या बाजूने सुरू करायचं: क्लस्टरवर राइट क्लिक करून इम्पोर्ट व्हीएम. जुन्या बाजूला एक्स्पोर्टचा पर्याय शोधू नका, तिथे तो नसतो.

होस्टसकट हलवणं. व्हर्जनच्या अंतरामुळे थेट मायग्रेशन चालत नाही, पण जुना होस्ट नव्या व्हीसेंटरला चालतो, तेव्हा हा मार्ग. होस्ट जुन्या व्हीसेंटरमधून तोडून नव्यात जोडला तर व्हीएम त्यावर चालूच राहतात. अडचण डिस्ट्रिब्युटेड स्विचची, कारण तो व्हीसेंटरचा असतो. म्हणून एक अपलिंक (होस्टचं भौतिक नेटवर्क कार्ड) काढून स्टँडर्ड स्विचला द्या, त्यावर त्याच व्हीलॅनचे पोर्टग्रुप बनवा, त्याच होस्टवरच्या व्हीएमची नेटवर्कं आणि व्हीएमकर्नल अडॅप्टर (होस्टची स्वतःची नेटवर्क जोडणी) तिकडे वळवा, होस्ट जुन्या स्विचमधून काढा, मग जुन्या व्हीसेंटरमधून डिस्कनेक्ट करून नव्यात जोडा आणि शेवटी नव्या डिस्ट्रिब्युटेड स्विचवर चढवा. व्हीएमकर्नल अडॅप्टर वळवताना होस्टच्या कन्सोलवर कोणीतरी बसलेलं असावं.

बंद करून नोंद बदलणं. डेटास्टोअर दोन्हीकडून दिसत असेल तर व्हीएम बंद करून जुन्या यादीतून काढायचं आणि नव्यात रजिस्टर करायचं. पॉवर ऑन करताना प्रश्न येतो: हलवलं की कॉपी केलं? "हलवलं" म्हणा. "कॉपी केलं" म्हटलंत तर यूयूआयडी आणि मॅक नवे मिळतात, आणि मॅकवर बांधलेलं सॉफ्टवेअर लायसन्स किंवा डीएचसीपीचं आरक्षण तुटतं. नेटवर्क अडॅप्टरला जुन्या डिस्ट्रिब्युटेड स्विचचा पत्ता चिकटलेला असतो, म्हणून पोर्टग्रुप पुन्हा निवडा आणि मॅक यादीशी ताडून बघा.

सावधान: यादीतून काढण्यासाठी "रिमूव्ह फ्रॉम इन्व्हेंटरी" आहे. त्याच मेनूत "डिलीट फ्रॉम डिस्क" असतं आणि ते फाइली पुसतं. हे काम दोघांनी मिळून करा: एकाने वाचायचं, दुसऱ्याने दाबायचं.

## टप्पा ९: प्रत्यक्ष हलवणं

१. व्हीएमचा बॅकअप घ्या आणि तो उघडतो का ते बघा. मग त्या व्हीएमचे बॅकअप आणि रेप्लिकेशनचे जॉब थांबवा.

२. टॅग, कस्टम अॅट्रिब्यूट, परवानग्या, फोल्डर आणि डीआरएसचे नियम एक्सपोर्ट करून ठेवा. एसएसओ डोमेन वेगळं असेल तर टॅग आणि परवानग्या बरोबर जात नाहीत.

३. आधी चाचणी व्हीएम, मग कमी महत्त्वाची दोन-तीन, मग गटागटाने बाकीची. डेटाबेस आणि त्यावर चालणारं अॅप्लिकेशन एकाच गटात ठेवा.

४. डिस्कही बरोबर हलत असेल तर एका होस्टवर एका वेळी दोनच मायग्रेशन चालतात, बाकीची रांगेत थांबतात. वेळेचा अंदाज या हिशोबाने करा.

५. विझार्डमध्ये प्रत्येक अडॅप्टरसमोर पोर्टग्रुप स्वतः वाचून निवडा. दोन अडॅप्टर असलेल्या व्हीएममध्ये अदलाबदल इथेच होते.

६. सुसंगततेच्या पानावर पिवळा इशारा आला तर तो पूर्ण वाचा. लाल आला तर थांबा आणि टप्पा ३ ते ५ पुन्हा बघा. विझार्डमधला दुसरा होस्ट निवडून पुढे सरकलात तर कारण तसंच राहतं आणि पुढच्या गटात पुन्हा उभं राहतं.

## टप्पा १०: हलवल्यानंतर

नेटवर्क, मॅक, डिस्कची जागा आणि टूल्सची स्थिती बघा. अॅप्लिकेशनच्या माणसाकडून "चालतंय" हे लेखी घ्या.

बॅकअपकडे त्याच दिवशी लक्ष द्या. नव्या व्हीसेंटरमध्ये व्हीएमला नवा अंतर्गत ओळख क्रमांक मिळतो आणि बहुतेक बॅकअप सॉफ्टवेअर व्हीएमला त्याच क्रमांकाने ओळखतं. त्याच्या लेखी जुनं व्हीएम नाहीसं झालं आणि एक नवीन आलं. जुना जॉब "व्हीएम सापडलं नाही" म्हणतो किंवा नुसताच वगळतो, नव्यात ते कोणी घातलेलं नसतं, आणि रिस्टोअरची वेळ येईपर्यंत कोणाला कळत नाही. जॉब नव्याने बनवा, पहिला पूर्ण बॅकअप होऊ द्या आणि त्याला लागणारी जागा आधीच मोजून ठेवा. जुने रिस्टोअर पॉइंट मुदत संपेपर्यंत पुसू नका.

मग टॅग, परवानग्या आणि डीआरएसचे नियम परत लावा. दोन डोमेन कंट्रोलर एकाच होस्टवर येऊ नयेत असा नियम होता आणि तो राहून गेला, तर हे होस्ट पडल्यावरच समजतं.

## टप्पा ११: अपग्रेड आता

परतीची मुदत लेखी ठरवा आणि ती संपेपर्यंत हार्डवेअर व्हर्जन, ईव्हीसी, स्विच यांपैकी काहीही वाढवू नका. मुदत संपल्यावर क्रम असा: आधी व्हीएमवेअर टूल्स, मग हार्डवेअर व्हर्जन, मग डिस्ट्रिब्युटेड स्विच, शेवटी क्लस्टरचा ईव्हीसी मोड. टूल्स आधी, कारण नव्या व्हर्च्युअल हार्डवेअरचे ड्रायव्हर त्यातून येतात. उलट केलंत तर विंडोजच्या व्हीएमला नवं नेटवर्क कार्ड सापडून स्थिर आयपी हरवण्याची शक्यता असते.

हार्डवेअर व्हर्जन सगळ्यात वरच्या आकड्यावर न्यायलाच हवं असं नाही. आपत्कालीन साइटवरचे होस्ट ७.० अपडेट १ वर असतील तर १८ च्या पुढे जाऊ नका; २१ केलेलं व्हीएम तिथे उभंच राहणार नाही. तुमच्या सगळ्या साइटमधला सगळ्यात मागचा होस्ट कोणता ते बघून आकडा ठरवा आणि क्लस्टरच्या डीफॉल्ट सुसंगततेत तोच घाला, म्हणजे नवी व्हीएमही त्याच आकड्यावर तयार होतील.

ईव्हीसी वाढवल्यावर चालू व्हीएमना नवी फीचर्स मिळण्यासाठी पूर्ण पॉवर सायकल लागते. प्रत्येकासाठी वेगळा डाउनटाइम मागण्यापेक्षा व्हीएमच्या प्रगत सेटिंगमध्ये "व्हीएमएक्स डॉट रीबूट डॉट पॉवरसायकल" ही ओळ "ट्रू" करून ठेवा. पुढच्या नेहमीच्या पॅचिंगमध्ये गेस्ट रीबूट होईल तेव्हा होस्ट त्याची पूर्ण पॉवर सायकल करेल.